उतरलेला आवाज

वीस वर्षं लोक जयमालाला सनई म्हणत आले. काळेवाडीच्या गावठाणात देवीचं देऊळ आहे, तिथल्या महिला भजनी मंडळाची ती मुख्य गायिका. मंडळ बसायचं गुरुवारी दुपारी, कारण भोसरी-चाकणकडच्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. ती देवळाच्या पायऱ्या चढायला लागली की आधीच येऊन बसलेल्या बाया म्हणायच्या, "आली गं सनई!" आणि जयमाला लाजल्यासारखं करायची. लाजत मात्र मुळीच नव्हती. तिला ते फार आवडायचं, आणि का आवडू नये? केज तालुक्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन ती इथे आली तेव्हा एका खोलीत सहा माणसं राहत होती. पुढे नवरा चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर लागला, ती स्वतः तिकडेच गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर. मुलांच्या शाळा झाल्या, सासूचं आजारपण झालं. या सगळ्या रगाड्यात तिचं स्वतःचं म्हणावं असं होतं तरी काय? दागिने मोडले, खोल्या बदलल्या, पण गळ्याला कुणी हात लावू शकलं नव्हतं.

खरं सांगायचं तर बाईच्या गळ्याला वाद्याचं नाव देणं ही कौतुकाच्या वेषातली लबाडी आहे. सनई पन्नाशीची होत नाही. सनईला अवेळी घाम फुटत नाही, तिची झोप उडत नाही, तिची पाळी जात नाही. पण एकदा सनई म्हटलं की गळ्याने जन्मभर सनईसारखंच वाजायचं, आणि नाही वाजला तर दोष गळ्याचा. ज्यांनी नाव ठेवलं ते नामानिराळे.

बावन्नाव्या वर्षी जयमालाचा आवाज उतरला. एकदम नाही. आधी वरच्या जागा घेताना गळा अडखळायला लागला, मग तिथे नुसती हवा यायला लागली, आणि वर्षभरात तिचं बोलणंसुद्धा बदललं. गॅस एजन्सीचा माणूस फोनवर तिला "बोला सर" म्हणाला. मग उपाय सुरू झाले. ज्येष्ठमध झाला, आल्याचा रस झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेजारणीने तर गल्लीत गाढवीण घेऊन फिरणाऱ्या माणसाकडून चमचाभर दूध घ्यायला लावलं, आणि जयमालाने नाक दाबून तेही घेतलं. गाढविणीच्या दुधाने आवाज काही चढला नाही. शेवटी ती घशाच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, आजार काहीही नाही. पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांचा आवाज जाड होतो. कुणाचा थोडा, कुणाचा जास्त.

"मग औषध?" जयमालाने विचारलं.

"कशावर देऊ? आजारच नाही तर!"

रिक्षात बसल्यावर तिला आधी हायसं वाटलं आणि काळेवाडी फाटा येईपर्यंत संताप आला. एवढी वर्षं हे कुणी सांगितलं कसं नाही? तिची आई जात्यावर, पाळण्यापाशी, शेतात, जिथे बसेल तिथे गायची. एका वर्षी तिने गाणं सोडलं. आता वय झालं, असं घरातल्यांनी ठरवलं, आणि आईनेही ते मान्य केलं. म्हणजे आईचाही उतरलाच असणार. तिने तो गुपचूप गिळून टाकला.

कंपनीत मात्र जयमालाच्या नव्या आवाजाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. उलट लाइनवरच्या पोरी म्हणायच्या, "काकू, आता तुम्ही बोललात की कॉम्प्रेसरच्या आवाजातही कळतं." अडचण होती ती देवळात.

पुढच्या गुरुवारी ती सरळ पेटीपाशी जाऊन बसली. पेटी वाजवायचे उद्धवराव. पिंपरीतल्या एका कंपनीतून निवृत्त झालेले, मंडळातले एकुलते एक पुरुष, स्वभावाने गरीब.

"उद्धवराव, आज जरा खाली घ्या. पांढरी चार धरा," जयमाला म्हणाली.

पेटीच्या कुठल्या पट्टीला 'सा' मानून गायचं, एवढाच हा प्रश्न. पाचव्या काळ्या पट्टीवरून गायचं तर आवाज उंच चढवावा लागतो. चौथ्या पांढरीवरून गायलं तर तो जरा खाली, आरामात बसतो.

उद्धवरावांचा हात भात्यावरच थांबला. "अहो जयमालाबाई, आपलं भजन काळी पाचचं. पहिल्यापासून काळी पाच."

"काळी पाच ही देवीची पट्टी हाय," शेजारून सुमनताई म्हणाल्या. सुमनताई मंडळाच्या अध्यक्षीणबाई. इथल्या जुन्या घरातल्या. त्यांच्या उसाच्या रानात आता तीन इमारती आणि खाली गाळे उभे होते, आणि त्यांचा शब्द मंडळात कुणी खाली पडू देत नसे. "ती बदलली तर कोप व्हईल."

आता यातली गोम अशी, की उद्धवरावांना दुसरी पट्टी येतच नव्हती. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत एका मित्राचा हात बघून बघून ते पेटी शिकले. त्या मित्राची पट्टी काळी पाच, म्हणून यांचीही तीच. बोटं चुकू नयेत म्हणून त्यांनी पट्ट्यांवर बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले होते, आणि त्या ठिपक्यांबाहेर बोट गेलं की ते अंधारात चप्पल शोधावी तसे चाचपडत. हे कबूल करायची लाज, म्हणून कधीतरी ते बोलून गेले होते की देवीला काळी पाचच लागते. बायांनी ते डोक्यावर घेतलं. इतकी वर्षं शेजारी बसून जयमालाला हे कळलं नसेल असं थोडंच आहे! पण चारचौघींत त्यांचं हसं करणं तिच्या जिवावर आलं. ती स्वतःपुरतंच बोलली.

"माझा आवाज तिथवर जाईना आता."

"बसलाय त्यो. विलाज कर," सुमनताई म्हणाल्या.

"बसला नाही ताई, उतरलाय. माझी पाळी गेली, तिच्यासंगं आवाज उतरला. डॉक्टरनं बघितलंय. आजार नाही म्हनली."

उद्धवराव भात्यावरची नक्षी निरखायला लागले. सुमनताईंनी पदर सावरला.

"आगं ये, देवळात काय बोलतीस! गडीमाणूस बसलंय हितं!"

"देवीबी बाईच हाय की, ताई," जयमाला म्हणाली.

उत्तर सुचलं नाही की सुमनताई निर्णय देत. नवरात्रात अष्टमीला दुपारी मंडळाचं भजन असतं, बाहेर रस्त्यापर्यंत स्पीकर लागतात, पंचक्रोशी ऐकते. यंदा अष्टमीला इंद्रायणी गाईल, जयमालानं मागं टाळ धरावा, असं त्यांनी जाहीर केलं. "बाईचा आवाज बाईवानी पायजे. तुजा आता गड्यावानी लागतोय. लोक म्हनतील, ह्या मंडळात बाप्या कुनी घुसवला?"

बाया हसल्या. वीस वर्षं ज्यांच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसली, त्याच बाया हसल्या. इंद्रायणी हसली नाही. ती तिशीतली, ताथवड्याच्या एका कॉलेजात शिकवणारी, तिचा आवाज बारीक, स्वच्छ आणि उंच. तिने मान खाली घातली. जयमालाला तिचा मत्सर वाटला आणि तो वाटल्याची लाजही वाटली नाही.

पेटीचा एखादा स्वर फसला तर माणसं ती पाठीवर घेऊन दुरुस्तीला जातात. पखवाजाची वादी सैल झाली तर हातोडी घेऊन बसतात. वाद्याचे लाड किती करावेत! आणि माणसाचा गळा बिघडला नाही, फाटला नाही, नुसता बदलला, तर त्याला मागे बसवून हातात टाळ देतात. त्या दिवशी घरी आल्यावर जयमालाने गाणं सोडलं. आईने सोडलं होतं तसंच, कुणाला काही न सांगता. भांडी घासताना गुणगुणायची सवय होती, तीही गेली. गुरुवारी ती कपडे धुवायचं निमित्त काढून घरीच राहायला लागली.

तिचा नवरा सोपानराव फार बोलणारा माणूस नाही. आयुष्य प्रेस शॉपमध्ये गेलं. पत्र्यावर घण पडावा तसं यंत्र दिवसभर कानाशी आदळायचं, आणि तेव्हा कानात बोळे घालायला कुणी सांगत नव्हतं. त्याला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, फोनची रिंग ऐकू येत नाही, नातीचं बोलणं कळत नाही. बारीक आवाज आधी जातात, जाड राहतात, असं कंपनीच्या डॉक्टरने सांगितलं होतं. कानाचं मशीन घेऊन दिलं ते कपाटात पडलेलं. घरात सगळे त्याच्याशी खाणाखुणांनी बोलत.

पितृपक्षातल्या एका संध्याकाळी जयमाला भाकरी थापत होती. हात चालू, डोकं रिकामं, आणि तिच्याही नकळत तोंडातून एक पद यायला लागलं. आईकडून ऐकलेलं देवीचं पद. आपोआप आलं म्हणून ते कुठल्या पट्टीत आलं हे तिने पाहिलं नाही. गळ्याला जिथे सोयीचं तिथे ते खाली बसलं होतं. दोन कडवी झाली.

"दुसरं कडवं पुन्हा म्हन की," बाहेरून सोपानराव म्हणाला.

जयमालाच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. पीठ लागल्या हातांनीच ती दारात आली. "काय म्हनलात?"

"दुसरं कडवं. ते चांगलं हाय."

"तुमाला ऐकू आलं?"

"यायलंय की आता," तो म्हणाला, जशी काही ही रोजचीच गोष्ट. "पहिलं नुसती लांब कुठंतरी किणकिण वाटायची. लोक म्हनायचे तुमची बाई काय गाती, मी मान हालवायचो. काय गाती ते मला कुठं कळायलं होतं? आत्ता शब्द कळाले."

जयमाला तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडली. तिकडे भाकरी करपली. कित्येक वर्षं तिने ज्या माणसाच्या घरात गायलं, त्याला ती आज पहिल्यांदा ऐकू आली होती. रडून झालं तसा तिला राग आला, आणि तो राग चांगला खणखणीत होता. सनई म्हणे! ज्या आवाजाची जगाने वाहवा केली तो तिच्या माणसाच्या कानापर्यंत पोचत नव्हता, आणि जो पोचतो आहे त्याला लोक बाप्याचा म्हणतात. मग लोकांचं ऐकायचं कशाला? तिने डोळे पुसले, दुसरं कडवं पुन्हा म्हटलं, आणि मग तिसरंही.

अष्टमीला तिने रजा टाकली. सुपरवायझरने कारण विचारलं तेव्हा तिने "गायचंय" एवढंच सांगितलं. हिरवं लुगडं नेसून ती दुपारी देवळात पोचली तेव्हा सभामंडप भरला होता. स्पीकर लागले होते, बाहेर रस्त्यावर माणसं खुर्च्या टाकून बसली होती. सोपानराव दाराशी खांबाला टेकून उभा होता. असल्या कार्यक्रमांना तो कधी यायचा नाही.

या मंडळाची एक रीत आहे. वीणा जिच्या गळ्यात, तिने गायचं. तिने स्वतःहून पाया पडून ती दुसरीच्या गळ्यात घालेपर्यंत कुणीही ती काढून घ्यायची नाही, आणि गळ्यात आलेली वीणा कुणी नाकारायची नाही. अध्यक्षीणबाईंच्या गळ्यात घालायची छाती मात्र आजवर कुणाची झाली नव्हती. त्या पेटीशेजारी माइकसमोर बसत आणि मान डोलावत झील, म्हणजे मागची साथ, धरत.

वीणा गाभाऱ्याशेजारच्या खुंटीला टांगलेली होती. इंद्रायणी ती घ्यायला उठली, पण जयमाला आधी पोचली. तिने वीणा उतरवली, कपाळाला लावली आणि गळ्यात घातली.

"जयमाला, ठेव ती," सुमनताई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"नाही ठेवत, ताई."

रीत म्हणजे रीत. भर देवळात वीणेकऱ्याच्या गळ्याला हात घालणार कोण? इंद्रायणीने क्षणभर सुमनताईंकडे पाहिलं, क्षणभर जयमालाकडे, आणि निमूटपणे जाऊन टाळकरणींमध्ये बसली.

उद्धवरावांनी सवयीने काळी पाच धरली. जयमालाने वीणेची खुंटी पिरगाळली आणि तार उतरवायला सुरुवात केली. तार कण्हत खाली खाली यायला लागली. पेटीचा सूर वर, वीणेचा त्याच्या खाली, आणि हे सगळं स्पीकरवरून रस्त्यापर्यंत. ऐकणाऱ्यांचे दात आंबले. उद्धवराव भाता जोरात मारायला लागले, जणू पेटी मोठ्याने वाजली की बाई वर येईल. बाई वर आली नाही. तार तिच्या गळ्याशी जुळली तशी ती खुंटी सोडून सरळ उभी राहिली आणि आईचं पद गायला लागली.

आवाज जाड होता, खरखरीत होता, कडेला जरा फाटकाही होता. पहिल्या ओळीला बाहेर रस्त्यावर कुणीतरी हसलं. जयमालाने ते ऐकलं आणि दुसरी ओळ आणखी मोकळ्या गळ्याने घेतली. हसा. ज्याला सनई ऐकायची असेल त्याने लग्नात जावं. उद्धवरावांचं बोट ठिपक्यांवरून घसरलं, एक पट्टी चाचपून झाली, दुसरी झाली, काही जुळेना. त्यांनी भाता मिटला आणि हात मांडीवर ठेवले. पखवाजावर मीनल होती, गावठाणातलीच एक शिंपीण. तिचा पखवाज काळी पाचला लावलेला. तिने उजवा हात आवरला आणि कणीक लावलेल्या डाव्या बाजूवर नुसता ठेका धरला. पेटी थांबल्यावर देवळात उरला तो एक गळा, एक तार आणि खालून येणारा तो ठोका.

मधल्या एका जागेवर जयमालाचा आवाज चिरला. लपवायला पेटीच नव्हती. सगळ्यांनी ऐकलं. ती थांबली नाही, सावरूनही घेतलं नाही, तशीच पुढे गेली. मग ध्रुपद आलं आणि झील धरायची वेळ झाली.

या मंडळाची झील कशी, तर सुतासारखी. इंद्रायणी आणि आणखी दोघी-तिघी वर पोचायच्या, बाकीच्यांचं पाठीमागे काहीतरी चालायचं. आज जयमालाने ध्रुपद सोडलं आणि मागून जे आलं त्याने ती दचकलीच. घागरीतून पाणी ओतावं तसा भरघोस, जाड, एकत्र आवाज तिच्या पाठीवर आदळला. तिने वळून पाहिलं. पन्नाशीच्या, साठीच्या बाया तोंडं उघडून गात होत्या. मानेच्या शिरा ताठलेल्या नव्हत्या, कपाळाला आठ्या नव्हत्या. वीस वर्षं तिने या बायांबरोबर भजन केलं आणि यांचे आवाज ती आज पहिल्यांदा ऐकत होती. इंद्रायणी त्या सगळ्यांच्या वर आपल्या बारीक आवाजात गात होती, आणि तेही शोभत होतं. त्या सगळ्या गोंगाटात एक आवाज सर्वांत खालचा होता. रानात कुणाला हाक मारावी तसा दणदणीत. तो कुणाचा हे कळायला जयमालाला दोन ओळी लागल्या, कारण तो माइकच्या सर्वांत जवळ असूनही आजवर कधी स्पीकरवर आला नव्हता.

तो सुमनताईंचा होता.

पद संपलं. टाळ थांबले. सुमनताईंना बहुधा आपण काय केलं ते आत्ता कळलं होतं. त्यांनी माइकवर हात ठेवला, पण नीट झाकला गेला नाही, आणि पुढचं सगळं रस्त्यावरच्या लोकांनीही ऐकलं.

"धा वर्सं," त्या म्हणाल्या, "धा वर्सं मी नुसती व्हट हलीवतेय. वर जातच न्हाई माजा आवाज."

"माझाही नाही जात," मागून एक जण म्हणाली.

"माझाबी."

"मला वाटायचं, माझा एकटीचाच."

हसल्या होत्या त्या याच बाया. जयमालाला त्यांच्यावर चिडायचं होतं, तिने ते मनाशी ठरवलंही होतं, पण प्रत्येकीने आपापला गळा एकटीने गिळलेला पाहून तिला पुन्हा आईच आठवली. चिडायचं राहून गेलं.

"मला ती पट्टी येत नाही हो," उद्धवराव पेटीकडे बघत म्हणाले. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "काळी पाचशिवाय मला काही येत नाही."

"शिका की मग," जयमाला म्हणाली. "आमी गातो, तुमी मागनं या."

मग तिने वीणा गळ्यातून काढली, चार पावलं चालून पेटीशेजारी गेली, वाकली, आणि आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. वीणा सुमनताईंच्या गळ्यात घातली. सुमनताईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं, मग बाहेरच्या रस्त्याकडे, खुर्च्यांवरच्या गावाकडे, आपल्या भाऊबंदांकडे. गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या.

"स्पीकर वाढव रं," त्यांनी बाहेर हुकूम सोडला, आणि खुंटी धरून वीणेची तार जयमालाच्याही खाली उतरवली.